‘कोणी पाहिलं? हात वर करा!’ : मुलांना बोलतं करताना या चुका टाळा

मधल्या सुट्टीत चारपाच जण एकाला घेरतात आणि बाकीचा वर्ग बघत उभा राहतो. सहावी ते आठवीला शिकवणाऱ्या सगळ्यांना हे दृश्य पाठ आहे. सुट्टी संपली की आपण तावातावाने वर्गात शिरतो आणि विचारतो, "कोणी पाहिलं? हात वर करा!" एकही हात वर जात नाही. जाईल कसा? दादागिरी करणारा तिथेच मागच्या बाकावर बसलेला असतो. साक्ष हवी असेल तर मुलांना एकेकटं गाठा, आणि तेही लगेच नको.

पण याहून मोठी चूक दिसायला अगदी चांगली दिसते. बोललेल्या मुलाचं सगळ्यांसमोर कौतुक करायचं. ही मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सातवीत एक मुलगा वाचताना अडखळायचा. तो अडखळला की मागून कोणीतरी म्हणायचं, "रेंज गेली!" आणि वर्ग हसायचा. पुढे पुढे तर खिचडीच्या रांगेतही तेच चालायचं. एक मुलगी व्हरांड्यात माझ्याजवळ आली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "बाई, तो आता वाचायचा तास असला की शाळेतच येत नाही." मला तिचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी तिला पुढे बोलावून मी टाळ्या वाजवायला लावल्या. आठवड्याच्या आत तिच्या बाकावर कर्कटकाने ‘खबरी’ कोरलेलं होतं. ती आली की मुली बोलणं थांबवायच्या. आठवी संपेपर्यंत ती माझ्याकडे पुन्हा काहीही सांगायला आली नाही. तो बाक मी पॉलिश पेपरने घासून घेतला, पण अक्षरं तिरप्या उजेडात दिसतच राहिली.

तेव्हापासून शाबासकी एकटीला, हळू आवाजात, आणि नाव कुठेही न येता. रोज मधल्या सुट्टीत मी वह्या घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसते. मुलं गणित विचारायला येतात आणि त्याच्या आडून बाकीचं सांगतात. कार्यालयात बोलावलेल्या मुलाकडे सगळी शाळा बघते, पायरीवर आलेल्याकडे कोणी बघत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे ‘अन्यायाविरुद्ध आवाज उठवा’ असं परिपाठात सांगून मोकळं होणं. आवाज उठवायचा म्हणजे नेमकं काय बोलायचं? बारा वर्षांच्या पोराला ऐन वेळी वाक्य सुचत नाही. ते आधीच तोंडात बसलेलं हवं. आम्ही वर्गात नाटुकलं करतो, त्यात चिडवणारा आणि सोसणारा यांच्यापेक्षा बघणाऱ्यांनाच जास्त काम देतो. वाक्यं साधी असतात. "ए, बास आता." "चल रे, पाणी प्यायला येतोस?" हे दुसरं माझं आवडतं, कारण त्यात भांडण नाही. ज्याला घेरलंय त्याचा हात धरून नुसतं तिथून बाजूला व्हायचं. ज्याला एवढंही जमत नाही, त्याने हसायचं नाही. तेही पुष्कळ आहे, कारण ‘रेंज गेली’ म्हणणाऱ्याला हसू मिळालं नाही तर त्याचा सगळा खेळच संपतो.

टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुलं हजर होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के वेळा. आणि जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, छळ दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंदांत! आपण शिक्षक कार्यालयातून उठेपर्यंत तेवढा वेळ जातो.

नवीन शिक्षक अशा नाटुकल्यांच्या दोन तासिका घेतात आणि म्हणतात, "काही फरक नाही हो." दोन तासिकांत फरक पडत नसतो. मला निदान एक सत्र लागतं. भिंतीवरचं पोस्टर आणि एका दिवसाची कार्यशाळा यांवर माझा विश्वास नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. तक्रारपेटी लावा, पण ती वर्गासमोर उघडून चिठ्ठ्या वाचू नका, अक्षर ओळखू येतं. दोघांना उभं करून "हात मिळवा" म्हणू नका, संध्याकाळी गेटबाहेर त्याची वसुली होते. मारामारी सुरू असेल तर मुलांना मध्ये पडायला सांगू नका, धावत येऊन मोठ्यांना बोलवायला सांगा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. आणि आपणच वर्गात एखाद्याला ‘ढब्ब्या’ म्हणत असू, तर मुलांकडून कसलीही अपेक्षा ठेवू नका. त्यांनी ते आपल्याकडूनच उचललेलं असतं.

पालकांसाठी एकच. "तू त्यांच्या भानगडीत पडू नकोस" हे घरी रोज ऐकणारं मूल शाळेत बोलत नाही. त्याऐवजी जेवताना सहज विचारा, "आज डबा खाताना कोणी एकटं बसलं होतं का?" पहिले काही दिवस "माहीत नाही" असंच उत्तर येईल. तरी विचारत राहा.