गावाकडच्या वेबसाइटसाठी सीएसएस फ्रेमवर्क कसं निवडायचं

सीएसएस म्हणजे पानाचे रंग, अक्षरं, मांडणी ठरवणारी भाषा, आणि फ्रेमवर्क म्हणजे त्या भाषेत आधीच लिहिलेला तयार संच. तो ठरवायच्या आधी साइटच्या मालकाचा फोन हातात घ्या. जमलं तर त्याच्या एकदोन गिऱ्हाईकांचाही. त्यात क्रोमची आवृत्ती कोणती आहे ते बघा. मी वरुड तालुक्यात संत्र्याच्या नर्सऱ्या, कृषी केंद्रं, शाळा यांच्या वेबसाइट बनवतो, आणि अर्धा निर्णय मी इथंच घेतो. टेलविंड या फ्रेमवर्कची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली. तिला क्रोम १११, सफारी १६.४ किंवा फायरफॉक्स १२८ तरी लागतो. ज्या फोनचे अपडेट कधीच थांबले, त्यावर ती साइट उघडली तर रंग जातात, मांडणी विस्कटते. आणि कलमा घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याकडे बहुतेकदा असाच फोन असतो. टेलविंडच वापरायचं असेल तर ३.४ घ्या.

मग मराठी तपासा. डेमो पानं इंग्रजीत असतात, म्हणून छान दिसतात. त्यात ‘शेंदूरजनाघाटच्या नर्सरीतल्या जंभेरी खुंटावरच्या कलमा’ असं मोठं शीर्षक टाका आणि फोनवर त्याच्या दोन-तीन ओळी होऊ द्या. टेलविंडमध्ये टेक्स्ट-५एक्सएल या क्लासच्या (क्लास म्हणजे पानावरच्या घटकाला रूप देणारं नाव) आणि त्याहून मोठ्या अक्षरांना ओळींची उंची १, म्हणजे अक्षराच्या आकाराइतकीच असते, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. तिथं लीडिंग-स्नग हा ओळी थोड्या सैल करणारा क्लास द्या. बूटस्ट्रॅप या दुसऱ्या फ्रेमवर्कची शीर्षकं १.२ वर असतात. तेही थोडं दाटच, मी १.४ करतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारे क्लास मात्र मराठीला अजिबात लावू नका. शिरोरेषा तुटते, आणि तुटलेली शिरोरेषा मला बघवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्यानंतर त्या फाइलला हात कोण लावणार? नर्सरीचे भाव हंगामागणिक बदलतात आणि ते बदलतो मालकाचा कॉलेजात जाणारा भाचा. त्याला बूटस्ट्रॅपचे कार्ड, टेबल, बटण असे क्लास वाचूनच कळतात. टेलविंडमध्ये एकेका बटणाला दहा-दहा क्लास, वर बिल्डची पायरी, म्हणजे बदल केला की सीएसएस फाइल पुन्हा तयार करणं. म्हणून जिथं देखभाल दुसऱ्याकडे जाणार, तिथं मी बूटस्ट्रॅप ५ देतो. मे २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी लागत नाही. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. बूटस्ट्रॅपची मिनिफाइड (मोकळ्या जागा काढून लहान केलेली) सीएसएस फाइल सुमारे २३० केबीची आहे, पण सर्व्हरवर जीझिप (फाइल दाबून पाठवायची सोय) चालू असेल तर ३० केबीच्या आसपास जाते. होस्टिंग घेतानाच हे विचारून घ्या.

साइट तुम्हीच सांभाळणार असाल आणि डिझाइन वेगळं हवं असेल, तर टेलविंड उत्तम. फक्त त्याचं प्ले सीडीएन (बिल्ड न करता थेट इंटरनेटवरून जोडायची स्क्रिप्ट) चालू साइटवर सोडू नका. ते करून बघण्यापुरतंच आहे, त्यात प्रत्येक फोनला सीएसएस स्वतः तयार करत बसावं लागतं.

बुल्मा हे तिसरं फ्रेमवर्क सुटसुटीत आहे, पण त्यात जावास्क्रिप्ट नाही, मेन्यू उघडण्याचा कोड तुम्हालाच लिहावा लागेल. आणि एकाच पानाचं काम असेल, म्हणजे भाव, नकाशा, फोन नंबर, तर कोणतंच फ्रेमवर्क घेऊ नका. फ्लेक्स आणि ग्रिड या सीएसएसमधल्या मांडणीच्या पद्धती येत असतील तर हाताने लिहिलेलं सीएसएस पुरतं.

शेवटची तपासणी ऑफिसच्या वायफायवर करू नका. लाईन गेली की टॉवरची रेंजही पडते, तेव्हा नर्सरीत जाऊन पान उघडा. फोटो यायच्या आधी कॉल करायचं बटण दिसलं पाहिजे.