ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी हे तपासा

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि निदान ठरलेलं असतं: ‘डिस्क वाकली, नवीन टाका.’ डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून गाडी थांबवतात. नवीन डिस्क बसते, गाडी लोण्यासारखी थांबते आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच थरथर परत येते. कारण बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. हा फरक ०.०२ मिमीच्या आसपास असला तरी पायाला आणि हाताला जाणवतो, डोळ्यांना मात्र दिसत नाही.

आधी थरथर नेमकी कुठे आणि कधी होते ते पाहा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ८० किमी वेगाने जाताना ब्रेक हलका दाबून धरा. स्टिअरिंग हललं तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग शांत आहे, पण सीट आणि पेडल धडधडतंय, तर मागच्या डिस्क किंवा गोलाई बिघडलेले मागचे ड्रम. ब्रेक न दाबताही ८०-१०० च्या वेगात गाडी थरथरत असेल तर ब्रेकला हात लावू नका, आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर तपासून घ्या. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल टकटक करतं ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम, तो बिघाड नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: डिस्कची थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. साधारण ६० सेमी व्यासाचं चाक ताशी ८० च्या वेगात सेकंदाला जवळजवळ १२ फेऱ्या मारतं, ४० ला सहा. वेग उतरेल तसे हादरेही सावकाश होत जातात.

आता चाक काढायचं. सपाट जागा, विरुद्ध चाकांना अडणी, आणि जॅकवर भरवसा न ठेवता गाडीखाली स्टँड. चाक उघडताना नट किती घट्ट होते याकडे लक्ष द्या. एक नट जेमतेम आवळलेला आणि शेजारचा हवेच्या गनने पिळून आवळलेला असेल, तर त्या असमान ताणानेच डिस्क तिरकी बसू शकते.

कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) सोडवल्यावर तो तारेने स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर ज्यावर सरकतो तो स्लाइड पिन किंवा पॅड ढकलणारा पिस्टन अडकतोय. पिन काढून पुसा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने पिनचे रबर फुगतात आणि पिन पुन्हा जाम होतो.

पुढची पायरी सर्वांत जास्त टाळली जाते, आणि थरथर परत येण्याचं मूळ बहुधा तिथेच असतं. डिस्क काढून ती हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) जिथे टेकते तो भाग पाहा. तिथे गंजाचा पापुद्रा असतो. तो ०.०५ मिमी जाड असला आणि टेकण्याच्या जागेचा व्यास १४० मिमी असला, तर २८० मिमीच्या डिस्कच्या कडेला तोच फरक ०.१ मिमी होतो. मग ब्रेक न दाबताही डिस्कचा तोच भाग प्रत्येक फेरीला पॅडला घासतो, तेवढाच झिजतो, आणि काही हजार किलोमीटरमध्ये जाडीत फरक पडतो. नवीन डिस्क आधी ठणठणीत आणि मग खराब का होते, त्याचं उत्तर हे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत करा, स्टडच्या (नट ज्यावर बसतात त्या बोल्टच्या) बुडाशीसुद्धा. डिस्कची आतली बाजूही तशीच घासा.

आता मोजमाप. मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) डिस्कच्या कडेपासून १०-१५ मिमी आत, आठ ठिकाणी जाडी घ्या. त्यानंतर नटांखाली वॉशर घालून डिस्क हबवर सगळ्या नटांनी सारखी आवळा, डायल गेजचं (डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचं) टोक त्याच वर्तुळावर टेकवा आणि डिस्क एक पूर्ण फेरी फिरवा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर डिस्क एका स्टडने फिरवून पुन्हा बसवा आणि परत मोजा. हबची आणि डिस्कची चूक एकमेकींना खोडून आकडा खाली येतो कधी कधी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

जाडीत फरक आहे, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या वर ती आरामात आहे? लेथवर टर्निंग चालेल, टर्निंगनंतरही ती मर्यादेच्या वर राहिली पाहिजे एवढंच. नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीने बदला आणि पॅडही नवे घ्या. जुन्या पॅडला जुन्या डिस्कचा आकार आलेला असतो. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते बाहेर सांडू देऊ नका, रंग उडतो.

नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांना ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्या दाबात ब्रेक लागणारच नाही.

शेवटी पॅड डिस्कवर रुळवणं. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा, दोन वेळांमध्ये थोडं अंतर जाऊ द्या, पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा मसाला तेवढ्याच जागी चिकटतो. घाट उतरून थांबतानाही हेच होतं. सपाटीवर ब्रेक सोडून हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये गाडी उभी करा.

इतकं करूनही थरथर उरली तर कंट्रोल आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि बॉल जॉइंट हलवून पाहा. ते ढिले असले की डिस्कचा किरकोळ दोषही स्टिअरिंगपर्यंत मोठा होऊन पोचतो.