सॅटचा कुठला स्कोअर पाठवायचा आणि कुठला गुपचूप ठेवायचा

सॅट म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या ॲडमिशनसाठीची १६०० मार्कांची परीक्षा, आणि अमेरिकेत कॉलेजला अप्लाय करणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आईबाबांचा दर वर्षीचा प्रश्न म्हणजे "१४२० आलेत, पाठवू की नको?" याला एक उत्तर नाहीये, कारण १४२० कुठे चांगले दिसतात तर कुठे अंगाशी येतात. त्यामुळे कॉलेजांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळा करा, सगळीकडे एकच नियम लावला की घोळ झालाच म्हणून समजा.

आधी कॉलेजचा नियम बघा, यात अर्धं काम होऊन जातं. कॅलिफोर्नियाच्या यूसी आणि सीएसयू या दोन सरकारी युनिव्हर्सिटी समूहांमध्ये ॲडमिशनला सॅट किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी बघतच नाहीत, १६०० असले तरी उपयोग शून्य. उलट एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत कम्पल्सरी केली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक हेही त्याच वाटेने गेले, म्हणजे तिथे पाठवू की नको हा प्रश्नच उरत नाही. येलने २०२४ मध्ये अजून वेगळंच काढलं, सॅट, एसीटी, एपी (हायस्कूलमध्ये देतात त्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षा, स्कोअर १ ते ५), आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) यातलं काहीतरी एक द्या म्हणाले. हे नियम दर वर्षी हलतात, त्यामुळे मागच्या वर्षी अप्लाय केलेल्या ताईदादाला विचारून भागत नाही, कॉलेजच्या साइटवर या वर्षीचं पान उघडून स्वतः वाचा.

खरं डोकं लावायचं ते टेस्ट ऑप्शनल कॉलेजांना, म्हणजे जिथे स्कोअर द्यायचा की नाही हे तुमच्यावर असतं. कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजांनी जाहीर केलेली आकडेवारी) असं सर्च करा, बहुतेक कॉलेजांची पीडीएफ मिळते. त्यात सी९ नावाचा भाग असतो, तिथे ॲडमिशन घेतलेल्या मुलांचे २५वा, ५०वा आणि ७५वा पर्सेंटाइल स्कोअर दिलेले असतात. तुमचा स्कोअर मधल्या आकड्याच्या वर असेल तर बिनधास्त पाठवा, २५ च्या खाली असेल तर सहसा ठेवून द्या. मधे लटकला असेल तर मात्र थांबून विचार करा, आणि तिथेच शेजारी किती टक्के मुलांनी स्कोअर दिला होता तेही लिहिलेलं असतं ते नक्की बघा. समजा जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने दिला असेल तर ते आकडे फुगलेले आहेत, कारण ज्यांचे भारी आले त्यांनीच दाखवले ना! अशा ठिकाणी मधल्या आकड्यापेक्षा थोडे कमी असले तरी मी तरी पाठवीन, विशेषतः शाळेतले बाकीचे मार्क्स आणि स्कोअर एकमेकांना धरून असतील तर. इंजिनिअरिंगला टाकताय तर टोटलच्या आधी मॅथ बघा, ७६० मॅथ असताना रीडिंगपायी सगळंच लपवणं मला पटत नाही.

आता सुपरस्कोअर, म्हणजे वेगवेगळ्या तारखांच्या परीक्षांतले प्रत्येक भागाचे सगळ्यात चांगले मार्क एकत्र धरणं. समजा मार्चमध्ये रीडिंग-रायटिंग ७०० आणि मॅथ ६८० म्हणजे १३८०, ऑगस्टमध्ये ६६० आणि ७६० म्हणजे १४२०. सुपरस्कोअर करणारं कॉलेज ७०० आणि ७६० उचलतं आणि तुम्ही १४६० चे होता, फुकटात ४० वाढले. पण त्यासाठी दोन्ही तारखा द्याव्या लागतात, स्कोअर चॉइस नावाच्या सोयीत कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते निवडता येतं, एकाच तारखेतला फक्त मॅथ कापून पाठवता येत नाही. आणि सगळी कॉलेजं स्कोअर चॉइस मानत नाहीत, जॉर्जटाउनसारखी काही सगळेच स्कोअर मागत आलीयेत, तिथे निवडानिवड करायला जाऊ नका. सॅट आणि एसीटी दोन्ही दिल्या असतील तर कॉलेज बोर्ड (सॅट घेणारी संस्था) आणि एसीटीचा तुलनेचा तक्ता आहे, त्यात एसीटीचे ३३ म्हणजे साधारण सॅटचे १४६०, जो वरचढ तो द्या, दोन्ही द्यायची गरज नसते.

कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची वेबसाइट) टेस्टिंगच्या भागात स्कोअर स्वतः भरायचेत का असं विचारतात. तिथे भरलेलं सगळीकडे जाऊ शकतं, म्हणून काही कॉलेजांना द्यायचे आणि काहींना नाही असं असेल तर सबमिट करण्याआधी प्रत्येक वेळी तो भाग आणि त्या कॉलेजचे स्वतःचे प्रश्न दोन्ही उघडून बघा, टेस्टसकट विचार करायचा का हे बरीच कॉलेजं तिथे वेगळं विचारतात. अजून एक, काही हायस्कूल ट्रान्सक्रिप्टवरच (मार्कांच्या अधिकृत पत्रकावर) स्कोअर छापतात, तुम्ही इकडे लपवताय आणि शाळा तिकडे दाखवतेय असं व्हायला नको, काउन्सेलरला आधीच विचारून घ्या.

एपीचं सोपं आहे, ४ आणि ५ लिहा, ३ कॉलेज बघून, १-२ सोडून द्या. फक्त जिथे सॅटच्या ऐवजी एपी देताय तिथे सगळे एपी मागतात का ते आधी वाचा.

सॅट देणाऱ्याला चार कॉलेजांना स्कोअर रिपोर्ट फुकट पाठवता येतात, त्या मोहात पडू नका, परीक्षेनंतर ९ दिवसांत ठरवायचं असतं म्हणजे स्कोअर बघायच्या आधीच पाठवणं झालं. बरीच कॉलेजं स्वतः भरलेल्या आकड्यांवर निर्णय घेतात आणि ऑफिशियल रिपोर्ट ॲडमिशन पक्की झाल्यावर मागतात, तेव्हा आकडा आणि तारीख रिपोर्ट शेजारी ठेवूनच भरा, नाहीतर मिळालेली ॲडमिशनही जाऊ शकते.