सिम्युलेशनमध्ये डार्क मॅटरचा हॅलो फिरवायला घेताय? या चुका टाळा

डार्क मॅटर म्हणजे अतिहलक्या बोसॉनचं कंडेन्सेट (सगळे कण मिळून जणू एकच लाट) असं धरून श्रोडिंगर-पॉइसनचा, म्हणजे ती लाट आणि तिचंच गुरुत्वाकर्षण यांचं गणित सोडवणारा, कोड लिहायला बसलं की पहिली चूक ठरलेली, मीही केलीय, अख्ख्या हॅलोला (दीर्घिकेभोवतीच्या डार्क मॅटरच्या ढगाला) दोरी गुंडाळलेल्या भोवऱ्यासारखं गरकन फिरवून द्यायचं. तसं होतच नाही हो. इथे वेग फेजच्या (लाट तिच्या चक्रात कुठे पोचलीय त्या कोनाच्या) उतारावरून ठरतो, म्हणून हा प्रकार भोवऱ्यासारखा फिरत नाही, त्यात नदीत पडतात तसले भोवरे पडतात, आणि भोवऱ्याभोवती एक चक्कर मारली की फेज ३६० अंशांच्या पूर्ण पटीतच बदलायला हवी. मी एकदा पटीच्या जागी १.५ टाकलं, काय होतंय बघू म्हणून, तर थोड्याच स्टेपमध्ये डेन्सिटीच्या प्लॉटवर केंद्रापासून कडेपर्यंत सरळ चीर, आणि मी तासभर एफएफटीला (लाटेचे घटक वेगळे करणाऱ्या रूटीनला) शिव्या देतोय.

बरं, पट १ टाकली तरी भोवरा टिकेलच असं नाही. नुसतं गुरुत्वाकर्षण असेल तर फिरणारा सोलिटॉन (हॅलोच्या मधला दाट गोळा) अस्थिर असतो, फुटतो. कणांमध्ये पुरेसं रिपल्शन (एकमेकांना ढकलणं) लागतं, खगोलशास्त्रज्ञ रिंडलर-डालर आणि शापिरोंनी २०१२ मध्ये हेच हिशोब मांडले होते. म्हणजे हे कणांमधलं सेल्फ-इंटरॅक्शन शून्य ठेवून "माझा भोवरा का गेला" विचारू नका, तो जाणारच होता.

वेग काढताना आर्कटॅनने (टॅनवरून कोन देणाऱ्या फंक्शनने) फेज काढून सरळ वजाबाकी केली की उणे १८० वरून अधिक १८० वर उडी येते आणि कुठेतरी भलताच वेग दिसतो. त्यापेक्षा वेव्हफंक्शनवरून, म्हणजे त्या लाटेवरूनच, थेट मोमेंटम डेन्सिटी (जागोजागचा संवेग) काढा. भोवऱ्याच्या गाभ्यात डेन्सिटी शून्याकडे जाते, तिथे वेगासाठी डेन्सिटीने भागाकार करायलाच जाऊ नका.

ग्रिडचं, म्हणजे जागेचे जे छोटे सेल पाडतो त्यांचं, गणित आधी करा. कणाचं वस्तुमान १०⁻²² इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि वेग सेकंदाला १०० किमी असेल तर डी ब्रॉग्ली तरंगलांबी (कणाच्या लाटेची लांबी) साधारण १.२ किलोपार्सेक (हजारो प्रकाशवर्षांचं अंतर), आणि एका सेलमध्ये फेज अर्ध्या चक्राच्या आत बदलली पाहिजे, म्हणजे सेल ०.६ किलोपार्सेकपेक्षा लहानच हवा, खरं तर बराच लहान. सेल निम्मा केला की टाइमस्टेप चौथाई, रात्रभर रन लावायची तयारी ठेवा.

अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचा संवेग) हळूहळू घसरतोय? कोडला दोष देण्याआधी बॉक्स बघा, पिरिऑडिक चौकोनी बॉक्समध्ये तो नीट टिकत नाही, उजवीकडून बाहेर पडलेलं डावीकडून आत येतं. कडेला शोषणारा थर लावा, नाहीतर हॅलो बॉक्सच्या मानाने बारका ठेवा.