साइट देखभालीसाठी बंद ठेवताना स्वतःचं ५०३ पान कसं लावावं

साइटचं मोठं काम काढलं की बरेच जण मागचं ॲप, म्हणजे वेब सर्व्हरच्या मागे चालणारा साइटचा प्रोग्राम, सरळ बंद करतात आणि डेटाबेसला हात घालतात. त्या वेळात जो कोणी येईल त्याला पांढऱ्या पानावर ठळक अक्षरांत '५०२ बॅड गेटवे' दिसतं, खाली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली सर्व्हरचं नाव. सेटिंग बदललं नसेल तर सोबत आवृत्तीचा आकडाही. साइट कायमची गेली, हॅक झाली की आपलंच इंटरनेट बिघडलं, हे त्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

हे टाळायला अर्ध्या दिवसाचं काम पुरतं, मात्र ते देखभालीच्या रात्री करायचं नाही. शांत दिवशी सगळं जोडून, तपासून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी एक रिकामी फाइल तयार केली की पान चालू आणि ती पुसली की बंद. खालची मांडणी मुख्यतः इंजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी आहे. अपाचे आणि वर्डप्रेसचं शेवटी थोडक्यात. डायरेक्टिव्हची, म्हणजे कॉन्फिगमधल्या सूचनांची, नावं इथे देवनागरीत आहेत. कॉन्फिगमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची आणि इंजिनएक्समध्ये दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा.

आधी कोड, मग सजावट

पान कितीही देखणं असो, त्याच्यासोबत जाणारा स्टेटस कोड चुकला तर सगळं मुसळ केरात. देखभालीसाठी योग्य कोड ५०३. त्याचा अर्थ 'सेवा तात्पुरती उपलब्ध नाही, नंतर या'. ब्राउझरपुढे बसलेला माणूस कोड वाचत नाही, पण गूगलबॉट (गूगलसाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम), मोबाइल ॲप, मॉनिटरिंगची टूल्स आणि सीडीएन (साइट आणि वाचक यांच्यामध्ये बसून पानं पोचवणारी सेवा) फक्त तोच वाचतात.

सगळ्यात जास्त दिसणारा घोळ म्हणजे देखभालीचं पान २०० कोडनं, म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगून, देणं. दुकान बंद ठेवून दारावर 'उघडे आहे' अशी पाटी लावण्यातला हा प्रकार. गूगलला वाटतं की तुमच्या प्रत्येक पानाचा मजकूर आता 'लवकरच परत येत आहोत' एवढाच आहे, आणि तो तसा नोंदला जाऊ शकतो. दुसरा घोळ, सगळ्यांना ३०२ नं एका वेगळ्या पत्त्यावर पाठवणं. यात वाचकाच्या ॲड्रेस बारमधला मूळ पत्ता जातो, आणि काम संपल्यावर त्यानं रिफ्रेश केलं तरी तो देखभालीच्या पानावरच अडकून राहतो. ४०४ तर नकोच. तो 'पान अस्तित्वात नाही' असं सांगतो.

५०३ ही काही तास, फार तर एखाद-दुसऱ्या दिवसाची सोय आहे. दिवसेंदिवस ५०३ मिळत राहिला तर गूगल ती पानं निर्देशांकातून काढायला लागतं.

पान असं बनवा की त्याला कोणाचीच गरज लागू नये

एकच एचटीएमएल फाइल करायची आणि सीएसएस त्यातच लिहायचं. लोगो हवा असेल तर एसव्हीजीच्या रूपात थेट पानात चिकटवायचा. कारण उघड आहे: साइटवरची प्रत्येक विनंती ५०३ नं अडवली जाणार, त्यात लोगोची आणि स्टाइलशीटची विनंतीही आली. चित्र मागणाऱ्या ब्राउझरला चित्राऐवजी तेच देखभालीचं एचटीएमएल मिळतं आणि पानावर तुटक्या चित्राचा चौकोन दिसतो.

मजकूर मराठीत असेल तर हेडच्या अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ चा मेटा टॅग हवा. तो पहिल्या १०२४ बाइटांच्या आत यावा असा नियमच आहे. शिवाय इंजिनएक्समध्ये 'चारसेट' डायरेक्टिव्हनं तेच सांगून ठेवा, कारण हेडरमधलं, म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीतलं, एन्कोडिंग मेटा टॅगपेक्षा वरचढ ठरतं. एचटीएमएल टॅगवर भाषेचा कोड 'एमआर' द्या. वेबफाँट लावू नका; अँड्रॉइड, विंडोज आणि ॲपल तिन्हींकडे देवनागरीचे फाँट आधीपासून असतात, साधा 'सॅन्स-सेरिफ' पुरतो. लाइन-हाइट मात्र १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

काय लिहायचं? 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य एकटं निरुपयोगी आहे. पुस्तकं विकणाऱ्या एखाद्या साइटसाठी मी असं लिहीन:

'दुरुस्तीसाठी साइट बंद आहे. शनिवारी रात्री ११ पासून रविवारी पहाटे २ पर्यंत, भारतीय वेळेनुसार. तुम्ही आधी दिलेल्या ऑर्डर आणि भरलेले पैसे सुरक्षित आहेत. तातडीचं काम असेल तर खालच्या नंबरवर फोन करा.'

'भारतीय वेळेनुसार' हे दोन शब्द गाळू नका. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून पुस्तकं मागवणाऱ्याला 'रात्री ११' म्हणजे कोणाचे ११ हे कळायला हवं. नुसतं 'रात्री १२' लिहिणंही टाळा, तो कुठल्या तारखेचा यावरून गोंधळ होतो. आणि ते खोदकाम करणाऱ्या कामगाराचं ॲनिमेशन, ते आता राहू द्या.

फाइल कुठे ठेवायची तेही महत्त्वाचं. कोडच्या फोल्डरमध्ये नको. नवीन आवृत्ती चढवताना ते फोल्डरच पुसलं किंवा बदललं जातं, आणि नेमकं हवं तेव्हा पान गायब होतं. व्हीएआर-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूखाली 'मेंटेनन्स' नावाचं स्वतंत्र फोल्डर करा.

इंजिनएक्समधली जोडणी

नेहमीची पद्धत अशी: सर्व्हर ब्लॉकमध्ये 'एरर-पेज' डायरेक्टिव्हला ५०३ आणि आपल्या फाइलचा पत्ता द्यायचा, आणि 'इफ' मध्ये वजा-एफ (फाइल आहे का हे तपासणारी खूण) वापरून खुणेची फाइल, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती रिकामी फाइल, आहे का बघून, असेल तर 'रिटर्न ५०३' करायचं. वाचायला बरोबर वाटतं, पण चालवलं की आपलं पान येतच नाही, इंजिनएक्सचं तेच उघडंबोडकं ५०३ दिसतं. अनेक जण इथेच हात टेकतात.

कारण असं. ५०३ निघाला की इंजिनएक्स आपल्या पानाकडे अंतर्गत वळण घेतो. त्या वळणात सर्व्हर ब्लॉकमधले 'इफ' पुन्हा तपासले जातात, खुणेची फाइल अजून तिथेच असते, म्हणून पुन्हा ५०३. दुसऱ्यांदा तो आपलं पान शोधत नाही, अंगचं पान देऊन मोकळा होतो.

उपाय म्हणून एक व्हेरिएबल घ्या, त्याला 'बंद' म्हणू (कॉन्फिगमध्ये डॉलरचं चिन्ह लावून इंग्रजी नाव). सर्व्हर ब्लॉकमध्ये याच क्रमानं ओळी लिहा:

१. 'सेट' नं 'बंद' ची किंमत ० करा.
२. 'इफ' वजा-एफ: मेंटेनन्स फोल्डरात 'ऑन' नावाची फाइल असेल तर 'बंद' १ करा.
३. 'इफ': मागितलेला पत्ता, म्हणजे 'यूआरआय' व्हेरिएबल, आपल्या देखभालीच्या पानाचाच असेल तर 'बंद' पुन्हा ० करा.
४. ज्यांना सूट द्यायची त्यांच्यासाठी तिसऱ्यासारख्याच ओळी इथे येतील.
५. 'इफ': 'बंद' १ असेल तर 'रिटर्न ५०३'.
६. 'एरर-पेज': ५०३ आणि पानाचा पत्ता, तिरप्या रेघेनं सुरू होणारा.

मग त्या पानासाठी बरोबरचं चिन्ह लावून स्वतंत्र 'लोकेशन' ब्लॉक करा. त्यात 'रूट' मेंटेनन्स फोल्डरकडे वळवा आणि 'इंटर्नल' लिहा. 'इंटर्नल' मुळे ते पान बाहेरून कोणी थेट मागितलं तर मिळत नाही.

'एरर-पेज' ओळीत पत्त्याआधी बरोबरचं चिन्ह आणि २०० घालण्याची सोय आहे. ती वापरू नका. वर सांगितलेली चुकीची पाटी तीच. तसंच पूर्ण पत्ता, एचटीटीपीसकट, दिलात तर इंजिनएक्स ३०२ नं दुसरीकडे पाठवतो आणि ५०३ हरवतो.

नावाच्या लोकेशनची, म्हणजे ॲट-चिन्हानं सुरू होणारी, एक पर्यायी पद्धत बरीच प्रचलित आहे. त्यातही पान येतं, पण त्या क्षणी कोणी फॉर्म सबमिट केला तर त्याला ४०५ ('ही पद्धत चालत नाही') दिसतो, कारण फॉर्मची माहिती पाठवणारी 'पोस्ट' विनंती तशीच स्थिर फाइलपर्यंत पोचते. वरच्या पद्धतीत वळणावरच तिची साधी, पान मागणारी 'गेट' विनंती होते. मला म्हणून हीच बरी वाटते.

हेडर आणि एक चुकणारा शब्द

त्याच लोकेशनमध्ये 'ॲड-हेडर' नं दोन हेडर घाला. पहिला 'रिट्राय-आफ्टर', पुन्हा कधी यायचं ते सांगणारा. दुसरा 'कॅश-कंट्रोल', किंमत 'नो-स्टोअर', म्हणजे मधल्या कुठल्या कॅशनं हे पान धरून ठेवू नये.

दोन्ही ओळींच्या शेवटी 'ऑलवेज' हा शब्द हवाच. तो नसेल तर इंजिनएक्स हे हेडर फक्त २०० किंवा ३०२ अशा ठरावीक कोडसोबत लावतो. ५०३ सोबत गुपचूप गाळतो, एररही देत नाही.

'रिट्राय-आफ्टर' ची किंमत सेकंदांत देता येते: ३६०० म्हणजे तासाभरानं. पण सेकंद प्रत्येक विनंतीपासून मोजले जातात, त्यामुळे काम संपायला पाच मिनिटं उरली तरी बॉटला 'तासाभरानं ये' असंच सांगितलं जातं. वेळ पक्की असेल तर तारीख-वेळ द्या. ती जीएमटीतच लागते, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. रविवार पहाटे २ म्हणजे जीएमटीत शनिवार रात्री ८:३०. वारही बदलतो.

कोणाला आत सोडायचं

काम करणाऱ्याला साइट दिसली पाहिजे. 'रिमोट-ॲडर' व्हेरिएबल (येणाऱ्याचा आयपी) आपल्या आयपीशी जुळला तर 'बंद' ०, ही सोपी ओळ. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी मधेच बदलू शकतो, मोबाइल डेटावर बहुधा आयपीव्ही६ पत्ता मिळतो, आणि सीडीएन मधे असेल तर सर्व्हरला तुमचा नव्हे, त्या सीडीएनचा आयपी दिसतो. त्यापेक्षा एक गुप्त कुकी ठरवा: तिची किंमत जुळली तर आत. फोनवरूनही तपासता येतं.

रोबोट्स-टीएक्सटीला, म्हणजे बॉटनी कुठे फिरावं ते सांगणाऱ्या फाइलला, सूट द्या. त्या फाइलवर ५०३ आला की गूगलबॉट सगळ्याच साइटवर फिरणं थांबवतो. पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या वेबहूकचं (पैसे जमा झाल्याचं कळवणाऱ्या आपोआप विनंतीचं) काय करायचं ते मात्र विचारपूर्वक ठरवा. गेटवे पुन्हा प्रयत्न करत असेल तर ५०३ देणंच बरं. डेटाबेस अर्धवट असताना 'पैसे मिळाले' ही नोंद आत घेऊन ती हरवणं जास्त महागात पडतं.

अपाचे आणि वर्डप्रेस

अपाचेत 'एरर-डॉक्युमेंट ५०३' आणि पानाचा पत्ता. मग रीराइट इंजिन चालू करून दोन अटी: खुणेची फाइल आहे, आणि मागितलेला पत्ता देखभालीच्या पानाचा नाही. नियमात पत्त्याच्या जागी वजा चिन्ह आणि कंसात आर बरोबर ५०३. हेडरसाठी 'हेडर ऑलवेज सेट'. इथेही तोच 'ऑलवेज'. एरर-डॉक्युमेंटला पूर्ण एचटीटीपी पत्ता दिला तर अपाचेही रीडायरेक्ट करतो.

वर्डप्रेस अपडेटच्या वेळी मूळ फोल्डरात 'डॉट-मेंटेनन्स' फाइल स्वतःच करतो आणि ५०३ देतो, 'रिट्राय-आफ्टर' ६०० सेकंदांचा. स्वतःचं पान हवं तर डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये 'मेंटेनन्स-डॉट-पीएचपी' ठेवा. मात्र मग ५०३ आणि हेडर पाठवणं तुमच्या त्या फाइलचं काम. वर्डप्रेस ते करत नाही. बऱ्याच तयार नमुन्यांत हीच ओळ नसते.

तपासणी आणि प्रत्यक्ष रात्र

कॉन्फिग बदलल्यावर आधी इंजिनएक्सची वजा-टी तपासणी, मग रीस्टार्ट नव्हे, रीलोड. नंतर 'टच' नं खुणेची फाइल तयार करा; तिच्यासाठी रीलोड लागत नाही. 'कर्ल' या कमांडला वजा कॅपिटल आय (फक्त हेडर दाखव) देऊन मुख्य पान, एखादं आतलं पान आणि एक चित्र मागा. तिन्हींना ५०३ आणि दोन्ही हेडर दिसले पाहिजेत. 'कर्ल' नंच एक पोस्ट विनंतीही पाठवा. मग फोनवर उघडून जोडाक्षरं नीट दिसतात का बघा.

हे सगळं इंजिनएक्स जिवंत असेपर्यंतच चालतं. मशीनच रीबूट करायचं असेल तर पान लोड बॅलन्सरवर (सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या वाटणाऱ्या मशीनवर) किंवा सीडीएनकडे ठेवावं लागेल. क्लाउडफ्लेअर या सीडीएनमागे असाल आणि सर्व्हर बंद असेल तर वाचकाला त्यांचं ५२१ किंवा ५२२ असं पान दिसेल. अचानक येणाऱ्या ५०२ आणि ५०४ साठी वेगळं पान करा. त्यावर 'नियोजित दुरुस्ती' लिहू नका, कारण ती नियोजित नसते.

काम संपलं की आधी गुप्त कुकीनं साइट फिरून बघा, मग खुणेची फाइल पुसा. लगेच ॲक्सेस लॉग उघडा आणि ५०३ शोधा: फाइल पुसल्याच्या मिनिटानंतर एकही नवा ५०३ दिसता कामा नये. दिसलाच, तर तो देखभालीच्या पानाचा नाही, मागच्या ॲपचा आहे.