कडू कारांद्याचा वेल पावसाळ्यातच हेरून ठेवा

गडचिरोली-मेळघाटकडच्या जंगलात कारांदा हा रानकंद खणायचा हिवाळ्यात, पानं गळाल्यावर. पण ओळख पटते ती पावसाळ्यातच. पान अखंड, हृदयासारखं आणि बेचक्यात खडबडीत गोळे लटकलेले दिसले, की शेजारच्या झाडाला चिंधी बांधून या. एका देठाला तीन पानं असलेला वेल सोडाच. त्यातल्या एका जातीच्या कंदानं जिवावर बेततं.

कडूपणा जावा म्हणून माझी आजी कंदाचे पातळ काप करून चुलीच्या राखेसोबत उकडायची, मग टोपली रात्रभर नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. इथं घाई करूच नका. एवढं करूनही कडूच लागला तर फेकून द्या. खणताना कंदाचा वरचा तुकडा वेलाच्या बुडाशी परत पुरा, पुढच्या पावसात तिथूनच कोंब फुटतो.