डायव्ह बोटीवर टिप: किती, कुणाला, कधी

मालदीवची सात रात्रींची लाइव्हअबोर्ड ट्रिप, म्हणजे मुक्काम, जेवण आणि डायव्हिंग सगळं बोटीवरच, बुक करताना लोक विमानाचं तिकीट जोडतात, भाड्याचं सामान जोडतात, नायट्रॉक्सचे, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचे, पैसे जोडतात. टिप मात्र हिशेबात नसते. मग शेवटच्या संध्याकाळी बिलासोबत रिकामा लिफाफा हातात येतो, खिशात वीस डॉलर उरलेले असतात आणि भर समुद्रात एटीएम कुठून आणणार? म्हणून टिपची रक्कम बुकिंगच्याच दिवशी ठरवा आणि बॅगेत वेगळी ठेवा. त्या पैशाला वाटेत हात लावायचा नाही.

मालदीवमध्ये साधारण रीत अशी: एका डायव्हरमागे दिवसाला 10 ते 15 डॉलर, किंवा ट्रिपच्या किमतीच्या 5 ते 10 टक्के. 1,800 डॉलरच्या सात दिवसांच्या ट्रिपला दिवसाच्या हिशेबाने 70 ते 105 डॉलर होतात, टक्क्यांच्या हिशेबाने 90 ते 180. आमच्या मते मध्यम दर्जाच्या बोटीवर माणशी 100 ते 120 ही रक्कम रास्त. जोडप्याने जाताना ती दुप्पट धरायची, खोली एक असली तरी हवेच्या टाक्या दोघांच्या भरल्या जातात.

टक्के काढायचेच तर ट्रिपच्या मूळ किमतीवर काढा. विमानभाडं, पर्यटन जीएसटी, रात्रीमागे माणशी 12 डॉलरचा ग्रीन टॅक्स, भाड्याची उपकरणं हे सगळं वगळायचं. उलट ऑफ सीझनला तीस टक्के सवलत मिळाली असेल, तर टिप सवलतीआधीच्या किमतीवर धरा. सवलत मालकाने दिली, खलाशाचं काम काही तीस टक्क्यांनी कमी झालेलं नाही.

बुकिंगच्या मेलमध्येच विचारून घ्या: बिलात सर्व्हिस चार्ज लावला आहे का, असल्यास तो बोटीवरच्या लोकांपर्यंत पोचतो का, गाइडचा वाटा क्रूच्या सामायिक टिपपेटीत असतो की वेगळा, आणि टिप कार्डावर चालते का. काही बोटी कार्डावर जास्तीचा आकार लावतात, काही कार्ड घेतच नाहीत. सर्व्हिस चार्ज आधीच भरला असेल तर टिप निम्म्यावर आणायला हरकत नाही. न विचारता दोनदा पैसे देणारे आणि "त्यात आलंच असेल" म्हणून काहीच न देणारे, दोन्ही प्रकारचे पाहुणे प्रत्येक ट्रिपवर असतात.

आता पैसे कुणाला. पाहुण्याला दिसतो तो गाइड. ब्रीफिंग तो देतो, मांटा रे मासा तो दाखवतो, फोटोत तोच असतो. त्यामुळे सगळी टिप त्याच्या हातात कोंबायचा मोह होतो. पण मालदीवमध्ये डायव्हिंग मुख्य बोटीवरून होत नाही, सोबतच्या धोणीवरून, म्हणजे छोट्या बोटीवरून, होतं. टाक्या, कॉम्प्रेसर, सामान सगळं तिच्यावर. अठरा डायव्हर आणि दिवसाला तीन डायव्ह म्हणजे 54 टाक्या भरायच्या, प्रत्येक टाकी 200 बार दाबापर्यंत. भरलेली अॅल्युमिनियमची टाकी सोळा-सतरा किलोंची, तीही हलत्या डेकवर उचलायची. कॉम्प्रेसरवाला हे काम करत असतो तेव्हा तुम्ही जेवत असता.

धोणीचा तांडेल तर त्याहून महत्त्वाचा. खाडीच्या तोंडाशी जोराचा प्रवाह असतो, डायव्हर एका जागी उतरतात आणि पाऊणेक तासाने भलतीकडेच वर येतात. तो बुडबुड्यांवर आणि डायव्हरने वर सोडलेल्या नारिंगी मार्करवर नजर ठेवून बोट आणतो, तुम्ही शिडीला हात लावायच्या आत इंजिन न्यूट्रलला घेतो. शिडीवरचा खलाशी आधी तुमचे फिन्स घेतो, मग तुम्हाला वर ओढतो. लाट मोठी असली की हाच माणूस तुमची बोटं शिडीत चेमटण्यापासून वाचवतो. स्वयंपाकी पहाटे पाचला उठलेला असतो, कारण पहिली डायव्ह सहाची. यातल्या निम्म्या लोकांची नावंही आपल्याला ठाऊक नसतात, आणि सामायिक पेटी असते ती याचसाठी.

म्हणून रकमेचा मोठा भाग, सुमारे दोन तृतीयांश, पेटीत टाका आणि उरलेला गाइडना वेगळ्या लिफाफ्यात द्या. गाइड पेटीत सामील असतील तर सगळंच पेटीत. लिफाफ्यावर "बोट क्रू" किंवा "गाइड" आणि खोली क्रमांक इंग्रजीत स्पष्ट लिहा, कोऱ्या लिफाफ्यांची अदलाबदल सहज होते. ट्रिपमध्ये एखादा कोर्स केला असेल तर इन्स्ट्रक्टरला वेगळं काही द्यायचं की नाही ही तुमची खुशी. कोर्सच्या फीमध्ये बहुधा त्याचं मानधन असतं.

भारतातून ग्रुप गेला असेल तर लीडर टिप गोळा करतो. सोयीचंच आहे, फक्त रक्कम सगळ्यांसमोर मोजून पेटीत जाते ना ते बघा. लीडरच्या हाताला काही द्यायचं असेल तर ते वेगळं, क्रूच्या वाट्यातून नको.

नोटांकडे नीट लक्ष द्या. परदेशी जाताना अधिकृत मनी चेंजरकडून 3,000 डॉलरपर्यंत रोख घेता येते. त्यातले टिपचे पैसे 10, 20 आणि 50 च्या नोटांत मागून घ्या. फाटकी, शिक्का मारलेली, पेनाने लिहिलेली नोट घेऊ नका. इंडोनेशियात तर जुनी किंवा मधोमध घडी पडलेली नोटही नाकारतात, नाहीतर कमी दर देतात. मालदीवमध्ये विमानतळावरच्या एटीएममधून रुफिया, म्हणजे तिथलं चलन, मिळतात. दुसरा पर्याय नसेल तर त्या द्या, पण बोटीवर बांगलादेश, श्रीलंका आणि भारतातले कामगार बरेच असतात. घरी पैसे पाठवायला त्यांना डॉलर उपयोगी पडतात, रुफिया देशाबाहेर फारशी बदलून मिळत नाही. परदेशी नाणी मात्र कुठेच देऊ नका. इजिप्तमध्ये युरोची नाणी खलाशांच्या हाती साचून राहतात, बँक ती बदलून देत नाही.

बाकरवडीचं पाकीट बोटीवर आनंदाने फस्त होतं. जरूर न्या, पण लिफाफ्याच्या जागी नको. अर्धवट वापरलेला शाम्पू आणि जुना टीशर्ट तर मुळीच नको. चांगल्या अवस्थेतला टॉर्च किंवा मास्क वरून दिला तर गाइडला खरंच कामाला येतो.

वेळ म्हणाल तर शेवटच्या डायव्हनंतरची संध्याकाळ. अनेक दिवस सलग डायव्हिंग झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं असतं, बऱ्याच बोटी 24 धरतात, त्यामुळे अखेरची रात्र मोकळीच असते. जेटीवर उतरताना देऊ म्हणून थांबलात तर धोणीची माणसं तिथे असतीलच असं नाही. रोजच्या रोज किनाऱ्यावर परतणाऱ्या बोटीचं गणित उलटं: तिथे क्रू दररोज बदलू शकतो, म्हणून त्या-त्या दिवशी सामान उतरवून झाल्यावर द्यायचं.

टिप कमी कधी करायची? व्हेल शार्क दिसला नाही, पाणी गढूळ होतं, पाऊस लागला, ही कारणं नव्हेत. गाइड ग्रुप सोडून पुढे निघून गेला, नवख्या डायव्हरला झेपणार नाही अशा प्रवाहात उतरवलं, टाकी 150 बारचीच मिळाली आणि सांगूनही सुधारणा नाही, ही कारणं आहेत. पण तक्रार त्याच दिवशी क्रूज डायरेक्टरकडे करा, आणि ज्याची चूक त्याच्याच लिफाफ्यात ती दिसू द्या. गाइडच्या रागापायी स्वयंपाक्याचे पैसे कापण्यात अर्थ नाही.

टिपमुळे एक वाईट गोष्टही घडते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पाहुणे खूश व्हावेत म्हणून काही गाइड ऑक्टोपसला बिळातून काढतात, पफर मासा फुगवून हातात देतात, कासवाच्या वाटेत आडवे होतात. त्यावर टाळ्या आणि जास्तीचे पैसे मिळाले की पुढच्या ग्रुपसमोर तेच होतं. "आम्हाला काही हातात धरून दाखवू नका" हे पहिल्याच ब्रीफिंगला सांगा. तसंच नियम मोडायला पैसे पुढे करू नका. मालदीवच्या बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनीफारू उपसागरात स्कुबाला बंदी आहे, तिथे फक्त स्नॉर्केलिंग चालतं, आणि परवाना गेला तर तो बोटीचा जातो.

इतर ठिकाणी आकडे बदलतात. फ्लोरिडात टाकीमागे 5 ते 10 डॉलर ही अपेक्षाच असते, दोन टाक्यांच्या सकाळीला 10 ते 20. तिथे टिप हा पगाराचाच भाग समजतात, त्यामुळे न देणं ठळक दिसतं. तांबड्या समुद्रावर बऱ्याच लाइव्हअबोर्ड अपेक्षित रक्कम आधीच कळवतात, क्रू आणि गाइड वेगवेगळे. अंदमानात असा ठरलेला दर नाही. स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) दोन डायव्हच्या सकाळीमागे बोटीच्या लोकांना माणशी 200-300 रुपये पुरेसे वाटतात. रोखच न्या, यूपीआय नेटवर्कच्या भरवशावर असतं.

मालवण-तारकर्लीला बहुतेक जण पहिल्यांदाच पाण्याखाली जातात. इथे मेहनत कुणाची ते उघड असतं: जो तुमची टाकी धरून पूर्ण वेळ सोबत राहिला, कान दुखल्यावर वर घेऊन थांबला, त्याला 100-200 रुपये थेट हातात द्या, आणि कुटुंबातर्फे तांडेल-खलाशांना मिळून तेवढेच. व्हिडिओचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की नाहीत हे मात्र बोटीत चढण्याआधी विचारा. ओल्या कपड्यांत, पोरं कुडकुडत असताना व्हिडिओच्या पैशांवरून घासाघीस सुरू झाली की लोक ते टिपमधून वळते करतात, आणि नुकसान होतं ते ज्याने हात धरला होता त्याचं.